गावाला वळसा

जॉइंटरला त्याच्या नावानं कुणी हाक मारलेली कुणाला आठवत नाही. टेलिफोनच्या खात्यात तो जमिनीखालच्या केबलींचे जोड करायचा आणि तिथं जॉइंटर हा त्याचा हुद्दा होता. पुढं खातं आटत गेलं, माणसं लवकर घरी बसली, साहेबांची साहेबी गेली. हुद्दा तेवढा याच्या अंगाला चिकटून राहिला. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे जॉइंटर" म्हणायची आणि पुढं जोड द्यायची, "तारा जोडतात हो झकास. माणसांचं मात्र मलाच बघावं लागतं."

यात खोट काढायला जागा नव्हती. माणूस सरळ होता, कष्टाळू होता, पण त्याच्या तोंडून घरच्यांसाठी शब्द काढायचा तर पक्कडच लागावी. तारांबद्दल विचारा, की झालं. चहा गार होईपर्यंत ऐकत बसा. एकदा खात्यात असताना दोन केबली एकाच चरातून टाकल्या होत्या. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून दुसरी टाकलेली, आणि खोदणाऱ्यानं एकाच घावात दोन्ही तोडल्या. अर्धं शहर मुकं झालं. तेव्हापासून त्याचं एक पालुपद होतं: "एक वाट म्हणजे वाट नव्हे. दुसरी हवी, आणि तीही वेगळ्या गल्लीनं."

त्याला एकुलती एक लेक. लहान होती तेव्हा तिला खांद्यावर बसवून तो खांबांवरच्या पेट्या दाखवत हिंडायचा. मग ती मोठी झाली आणि दोघांच्या बोलण्याला कधी कुलूप लागलं, ते दोघांनाही कळलं नाही. भांडण म्हणावं असं झालंच नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. एकाच टेबलाशी जेवायला बसायची तिघं, आणि हा बायकोला म्हणायचा, "तिला सांग, दिवा मालवून झोपत जा." दोन हातांवर बसलेली लेक म्हणायची, "आई, बाबांना सांग, माझा अभ्यास असतो." बायको मधे बसून दोन्हीकडं मान वळवायची. घरोघरी मातीच्या चुली असं म्हणायची आणि भाजी वाढायची.

बायको शिवणाचा क्लास चालवायची; सारं शहर तिला शिवणबाई म्हणून ओळखायचं. तिच्या हाताला इस्त्रीची सवय. निरोपसुद्धा ती इस्त्री करून पोचवायची. "हिला अक्कल आहे का, विचार," असं जॉइंटर म्हणाला, की लेकीला कळायचं, "बाबांना तुझी काळजी वाटते गं." लेकीनं "त्यांना म्हणावं, माझ्या मधे पडू नका," म्हटलं, की जॉइंटरच्या कानावर यायचं, "तुम्हाला विचारूनच करीन म्हणते." दोन्हीकडं सुरकुती म्हणून दिसायची नाही. अशा घडीदार निरोपांवर त्या घराची कित्येक वर्षं सुखात गेली, आणि खोटं का बोला, ते सुख खोटं नव्हतं.

लेक शिकून मोठ्या शहरात नोकरीला गेली. मग फोन सुरू झाले. बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोन कानाला लावायची आणि जॉइंटर तिच्या उजव्या हाताला, दाराच्या चौकटीत उभा राहायचा. "तिला सांग, गॅस बंद करून झोप म्हणावं. तिला सांग, इथं पाणी येत नाहीये दोन दिवस." फोन हातात मात्र घ्यायचा नाही. बायकोनं पुढं केलाच, तर मागं सरकायचा, जणू निखाराच दिलाय.

त्या सुमारास मॅडम आल्या. मोठ्या शहरातल्या एका संस्थेत त्या इंजिनिअर होत्या आणि लहान लहान शहरांत इंटरनेटची एक्सचेंज आणि छोटी डेटासेंटर कुठं बसवता येतील, याचा आराखडा करत फिरत होत्या. इथल्या गल्ल्या, गटारं, खांब माहीत असलेला माणूस त्यांना हवा होता. जॉइंटरला काम मिळालं, आणि घरी बसून गंजत चाललेला माणूस पुन्हा मोजणीचं चाक ढकलत रस्त्यांवर दिसू लागला.

गोष्ट अशी होती. शहरात इंटरनेट पुरवणारे तिघं. एक कॅसेट, पूर्वी तो सिनेमाच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचा. दुसरा मास्तर, त्याचा टायपिंगचा क्लास होता. तिसरा पहिलवान. पहिलवान जन्मात आखाड्यात उतरला नव्हता, पण खांबावरची दुसऱ्याची तार एका हिसक्यात उतरवायची त्याची ख्याती होती. तिघांमधून विस्तव जात नसे. आता दवाखाना होता कॅसेटचं गिऱ्हाईक, आणि रस्त्यापलीकडची रक्ततपासणीची लॅब मास्तरची. लॅबमधून रिपोर्ट निघाला, की तो समोरच्या दवाखान्यात जायचा नाही. मास्तरच्या तारेवरून हायवेच्या कडेनं पार मोठ्या शहरात जायचा, तिथं कॅसेटच्या तारेला भेटायचा आणि त्याच हायवेच्या कडेनं परत यायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हायवेवर कुणी खोदायला घेतलं आणि तार तुटली, की सगळं बंद. मग लॅबवाला कागद हातात घेऊन गाड्या चुकवत रस्ता ओलांडायचा.

"एक खोली हवी," मॅडमनी समजावलं. "तिघांच्याही तारा तिथं आल्या, एकमेकींना जोडल्या, की इथलं इथंच फिरेल. त्याच खोलीत यंत्रांची चार कपाटं ठेवू. दवाखान्याची, शाळांची माहिती इथल्या इथं राहील. खोली जरा उंचावर हवी, वीज दोन बाजूंनी हवी, तारांना आत यायला दोन वाटा हव्यात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, ती या तिघांपैकी कुणाचीही नको."

त्या दिवशी जेवताना जॉइंटर इतका बोलला, की बायको हात थांबवून ऐकत राहिली. सगळं ऐकून ती हसायला लागली. "म्हणजे शेजारी शेजारी बसायचं आणि निरोप पाठवायचा लांबच्याच्या हातून? अहो, मग हे यंत्र आधी आपल्या घरात बसवा की."

जॉइंटरही हसला. हसण्यावारी गेलं ते.

मग बायकोच्या पोटात दुखायला लागलं. आधी घरचे उपाय, मग दवाखाना, मग मोठी तपासणी. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की फार तर काही महिने. बाहेर येऊन बायको बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "लेकीला मी सांगते. तुम्हाला जमायचं नाही ते."

जमणार नव्हतंच. ती कोपऱ्यावरच्या क्लासच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. जॉइंटर बाहेर पायरीवर उभा राहिला. आतून नुसता आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"सांगितलं?"

"सांगितलं सगळं. रडली. पण तिची नोकरी कायम व्हायचीय, ती झाली की लगेच येते म्हणाली."

"आई मोठी की नोकरी, विचार तिला."

"विचारीन," ती म्हणाली आणि कुलूप लावायला वळली.

दिवस गेले. दारावरून गाडी गेली, की जॉइंटर खिडकीशी जायचा. लेक आली नाही. बायकोचे फोन चालू होते, हळू आवाजात, आता ओट्याला टेकून नव्हे, तर पलंगावर पडून. आणि तो चौकटीत उभं राहायचं सोडून मागच्या दारी जाऊन बसायचा. असल्या मुलीला काय निरोप द्यायचा, असं त्याला वाटायचं. मग एका आठवड्यात सगळं घसरलं. बायकोची धाकटी बहीण येऊन राहिली होती, तिनं भाचीला फोन केला. लेक पोचली तेव्हा आई डोळे मिटून होती. ती पुन्हा बोलली नाही.

सगळं उरकल्यावर लेक निघाली. बाप समोर उभा होता आणि ती मावशीला म्हणाली, "बाबांना सांग, जाते." मावशीनं सांगितलं. जॉइंटरनं मान हलवली.

याला दोन वर्षं झाली. त्याच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती, की सगळं माहीत असून ही आली नाही. लेकीच्या मनात काय बसलंय, ते त्यानं विचारलं नाही. विचारायचं कुणामार्फत, हाही प्रश्न होताच.

मॅडमचा आराखडा तोवर मंजूर झाला होता. यंत्रं आली होती, फक्त खोली ठरत नव्हती. जॉइंटरनं तिघांना चहाच्या दुकानात एकत्र बसवलं, हेच आधी नवल. कॅसेट म्हणाला, "माझं गोदाम रिकामं आहे." मास्तर म्हणाला, "म्हणजे कुलपाची चावी तुझ्याकडं. उद्या माझीच तार नेमकी उंदरानं खाल्ली म्हणशील." मास्तरनं आपला माळा सुचवला तेव्हा कॅसेटला उंदीर आठवले. पहिलवानाच्या जागेचं तर कुणी नावच काढू दिलं नाही. चहाची दुसरी खेप झाली, आवाज चढले, आणि मग पहिलवानच बशीत बघत म्हणाला, "बाईंची खोली आहे ना. कोपऱ्यावरची."

यावर उंदीर कुणालाच आठवले नाहीत. कॅसेटची बायको तिथं शिवण शिकली होती. मास्तरच्या दोन्ही बहिणी शिकल्या होत्या. पहिलवानाच्या आईला नवरा गेल्यावर बाईंनीच मशीनवर बसवलं होतं, आणि त्या मशीनवर हा पहिलवान वाढला होता.

"बाईंच्या खोलीत मी तार तोडणार नाही," पहिलवान म्हणाला. "आणि हे दोघंही तोडणार नाहीत."

"माझी हरकत नाही," मास्तर म्हणाला.

"माझीही," कॅसेट म्हणाला.

तिघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं आणि जॉइंटरनं हातातला कप न पिताच खाली ठेवला. कारण त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोपऱ्यावरची खोली, दोन पायऱ्या चढून, पाणी कधी आत न आलेली. पुढच्या रस्त्याची वीज वेगळी, मागच्या गल्लीची वेगळी. तारांना दोन वाटा. मोजणीचं चाक घेऊन तो त्या दारावरून किती वेळा गेला असेल, पण तिथं थांबला नव्हता, आणि मॅडमच्या नकाशात तो कोपरा त्यानं कोराच ठेवला होता. उभ्या आयुष्यात मोजमापात केलेली ती एकच लबाडी.

मॅडमनी खोली बाहेरून पाहिली आणि त्याच्याकडंही पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. "महिनाअखेरपर्यंत ठरलं तर ठीक," त्या म्हणाल्या. "नाहीतर यंत्रं दुसऱ्या शहराला जातील. तिथं खोली तयार आहे. मला थांबवता येणार नाही, काका."

खोली बायकोच्या नावावर होती. आता बापाची आणि लेकीची. लेकीच्या होकाराशिवाय तिथं खिळासुद्धा ठोकता येणार नव्हता. जॉइंटरनं मेहुणीला गाठलं.

"तिला विचारून बघ ना," तो म्हणाला.

"एकदाच विचारीन, भावोजी. पण मी काही माझी ताई नाही. मला तुमच्या दोघांच्या मधे बसून जन्म काढता यायचा नाही. मी तुम्ही म्हणाल ते जसंच्या तसं सांगणार, आणि ती म्हणेल ते जसंच्या तसं तुमच्या तोंडावर मारणार. चालेल?"

"चालेल."

"मग सांगा, काय सांगू?"

"सांग, आईची खोली हवीय. कशाला हवीय, तेही सांग."

मेहुणीनं तसंच सांगितलं. उत्तर आलं नाही. मात्र दोन दिवसांनी क्लाससमोरचा चहावाला धावत घरी आला. "काका, तुमची लेक आलीय. खोलीचं कुलूप काढून आत बसलीय."

जॉइंटर गेला. खोलीत उजेड होता. मशीनांवर कापडं टाकलेली, भिंतीवर माणूसभर उंचीचा आरसा, मधोमध कापायचं लांब टेबल, त्याच्या कडेला इंचाच्या खुणा. लेक जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि हातातल्या दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून ओढत होती. लहानपणी क्लास सुटला की हे तिचंच काम असायचं. फटींमधून टाचण्या, मोडक्या सुया उडी मारून चुंबकाला चिकटत होत्या. दोन वर्षं बंद असलेल्या खोलीत अजून मूठभर टाचण्या निघत होत्या.

काहीतरी बोलायला हवं होतं. जॉइंटरला जे बोलता येत होतं, तेच तो बोलला. "टाचण्या सगळ्या निघायला हव्यात. यंत्रांचे पंखे हवा ओढतात. आत लोखंड गेलं तर..."

शब्द सुटल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. कित्येक वर्षांनी लेकीशी थेट बोललेलं पहिलं वाक्य ते.

लेकीनं चुंबक बाजूला ठेवलं. "ठरवूनच टाकलंय म्हणजे."

"तुझ्या होकाराशिवाय नाही."

"माझा होकार कधीपासून लागायला लागला तुम्हाला? ती आजारी होती तेव्हा विचारलं होतं मला? येऊ नकोस म्हणालात. नाही आले. ऐकलं तुमचं. आता खोलीचंही ऐकते. घ्या खोली."

"येऊ नकोस असं मी म्हणालो?"

"मग कोण म्हणालं? 'बाबा म्हणतात, साधी गाठ आहे, काढली की झालं. नोकरी कायम होऊ दे, मग ये. उगाच धावत येऊ नकोस.' शब्द न् शब्द सांगितलाय मला आईनं."

जॉइंटरनं टेबलाची कड धरली आणि तो हळूहळू खाली, तिच्यासमोर फरशीवर बसला. "साधी गाठ नव्हती गं ती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की काही महिनेच आहेत म्हणून. ते तिनं तुला सांगितलं ना? याच खोलीतून, दार लोटून. मी बाहेर पायरीवर उभा होतो."

"काय सांगितलं?"

"सगळं. तू रडलीस म्हणाली."

लेक त्याच्याकडं बघत राहिली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी हसत होते, बाबा. ती म्हणाली, तुझ्या बाबांना साध्या गाठीनं घाम फुटलाय. मी हसत होते."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्या दोघांना आता सगळं दिसत होतं. इथंच, या टेबलाशी, ती फोन घेऊन बसली असेल, आणि दोन्हीकडचा निरोप हातात घेऊन तिनं नेहमीसारखी त्यावरून इस्त्री फिरवली असेल. लेकीची नोकरी कायम होऊ दे, मग बोलावू. तोवर आपण आहोत. कापड पुरेल की नाही याचा तिचा अंदाज कधी चुकला नव्हता. तो या वेळी चुकला, आणि तिच्या हातात मग वेळ उरला नाही, ना बोलायचं बळ.

"मी इकडं मागच्या दारी बसून राहिलो," जॉइंटर म्हणाला. "ती तुझ्याशी बोलत असायची आणि मी तुझ्यावर चिडून मागच्या दारी. म्हटलं, सगळं कळूनही येत नाही."

"आणि मी म्हणत होते, यांनी मला येऊसुद्धा दिलं नाही."

"खोटं बोलली ती आपल्याशी."

"खोटं कसलं, बाबा? ती नेहमीसारखंच बोलली." लेकीनं डोळे पुसले. "आपणच कधी एकमेकांना विचारलं नाही."

"तुझा नंबर होता माझ्याकडं."

"तुमचाही होता माझ्याकडं."

साऱ्या शहराला दुसरी वाट असावी म्हणून जो माणूस गटारं मोजत हिंडला, त्याच्या घरात वाट एकच होती, आणि ती गेल्यावर हे कळायलाही दोन वर्षं लागली. जॉइंटर रडायला लागला. त्याला रडायची सवय नव्हती, त्यामुळे ते फार वाईट, हुंदके अडकत अडकत चाललं होतं. लेकीनं बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. काय करायचं तिला कळेना. अशा वेळी आई असायची. शेवटी तिनं चुंबक उचलून त्याच्या हातात दिलं. तो डोळ्यांना नीट दिसत नसतानाही फरशीवरून ते ओढत राहिला, आणि ती चिकटलेल्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकत राहिली.

संध्याकाळी कुलूप लावताना ती म्हणाली, "यंत्रं बसवा. मशीनं मावशी घेऊन जाईल, शिकवील कुणाला तरी. आरसा मात्र काढू नका."

"नाही काढत," जॉइंटर म्हणाला.

खोली ठरली. लेक नोकरीवर परत गेली. महिनाअखेरीच्या आत भिंतींना रंग गेला, मागच्या गल्लीतली वीज आली, बॅटऱ्या आल्या, लोखंडी कपाटं आली. कापायचं टेबल मात्र जॉइंटरनं हलवू दिलं नाही. तिघांच्या तारा त्यानं त्याच टेबलावर, इंचाच्या खुणांवर ठेवून जोडल्या. काचेची तार केसाएवढी. ती साफ करायची, दोन टोकं समोरासमोर आणायची, जोडणीचं मशीन त्यांना एका ठिणगीनं एक करतं. कॅसेटची तार पुढच्या वाटेनं आली, मास्तरची मागच्या. पहिलवान आपली तार स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला आणि आल्या आल्या आरशासमोर केस सारखे करून मोकळा झाला. कुणी कुणाची तार तोडली नाही.

मॅडमनी लॅबला फोन केला. लॅबवाल्यानं एक रिपोर्ट पाठवला. रस्त्यापलीकडून डॉक्टरांनी लगेच कळवलं, "आला." रिपोर्ट हायवेकडं गेलाच नव्हता. या कोपऱ्यावर वळून तो सरळ समोर गेला होता. कॅसेटनं मास्तरला टाळी दिली आणि मग दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, "काका, झालं तुमचं काम." जॉइंटर आरशात बघत होता. आरशात दिवे लुकलुकणारी कपाटं होती, टेबल होतं आणि तो होता. टेबलामागं कुणी नव्हतं.

घरी येऊन त्यानं भात टाकला, एकट्यापुरता. जेवून ताट धुतलं. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर लेकीचा नंबर होता. त्यानं फोन घेतला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा राहिला, पूर्वीच्या जागी.

"बाबा?"

"हं."

"झालं सुरू?"

"झालं."

पुढं कसं बोलतात, ते दोघांनाही येत नव्हतं. लेकीचा श्वास ऐकू येत होता, इतका जवळ, की मधे काही अंतरच नाही असं वाटावं.

"जेवलात का?" लेकीनं विचारलं.

जॉइंटरनं मान डावीकडं, ओट्याकडं वळवली.

"तिला सांग," तो म्हणाला, "जेवलो म्हणून."

ओट्यापाशी कुणी नव्हतं. धुतलेलं ताट निथळत होतं.

"सांगते, बाबा," लेक म्हणाली.